रोज ऑफिसला न्यायला चार्जर घेऊ की शेव्हेल?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ओहायोतल्या कोलंबसमध्ये राहता, ऑफिस २२ मैलांवर, त्यातले बरेचसे मैल हायवेचे. घरात चार वर्षांची मुलगी, पत्नीची गाडी वेगळी, गॅरेजमध्ये तुमच्या वाट्याला एकच जागा, आणि हाताशी ३५ हजार डॉलर. आताची होंडा विकून १९६९ ची डॉज चार्जर किंवा शेव्हरोलेची १९७० ची शेव्हेल एसएस ३९६ (शेव्हेलचंच जास्त ताकदीचं मॉडेल) घ्यायची आणि तीच रोज चालवायची असा विचार आहे. दोन्हींतली जास्त भरवशाची कुठली, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर असं: या दोन्ही घेऊ नका, १९७१-७२ ची एखादी साधी व्ही-८ (आठ सिलिंडरच्या इंजिनाची) गाडी घ्या, आणि होंडा विकू नका. का, ते सविस्तर सांगतो. उत्साहावर पाणी ओतायचं नाहीये. उलट तुमची गाडी दोन वर्षांनी 'प्रोजेक्ट कार, चालू नाही' अशा जाहिरातीत दिसू नये म्हणून एवढं लिहितोय.

माझं लहानपण कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात काकांच्या गॅरेजमध्ये अँबॅसिडर आणि फियाट खोलण्यात गेलं. गेली २६ वर्षं डेट्रॉईटजवळ राहतो आणि जुन्या अमेरिकन गाड्यांची कामं करतो. स्वतःची १९७२ ची शेव्हेल मालिबू (एसएस नसलेली शेव्हेल) नऊ वर्षं रोज कामावर नेली.

तुम्ही चार्जर की शेव्हेल असं विचारताय, पण मला खरा प्रश्न वेगळा दिसतो. पन्नासहून अधिक वर्षांच्या गाडीचा भरवसा तिच्या नावावर थोडा आणि त्या एका गाडीच्या हालहवालावर फार अवलंबून असतो. तुमचा रस्ता, तुमची हवा आणि तुमचे रविवार यांत कुठली गाडी टिकेल, हे पाहायला हवं.

आधी 'रोज' या शब्दाचा हिशोब करू. रोजचे ४४ मैल म्हणजे वर्षाला जवळपास १० हजार मैल. या गाड्यांचं ॲव्हरेज गॅलनला १२ ते १५ मैल, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला साडेपाच-सहा किलोमीटर. वर्षाला साडेसातशे गॅलन पेट्रोल धरून चाला. दर तीन हजार मैलांना ऑइल, त्याच वेळी पुढच्या बॉल जॉइंटना आणि स्टिअरिंगच्या सांध्यांना ग्रीस गनने ग्रीस. वर्षातून एकदा प्लग, पॉइंट, टायमिंग, कार्ब्युरेटर. हे अवघड मुळीच नाही, पण टाळता येत नाही. महिन्यातले दोन रविवार सकाळ द्यायची तयारी नसेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

दुसरा हिशोब मिठाचा. ओहायोत डिसेंबर ते मार्च रस्त्यावर मीठ असतं आणि जुन्या गाडीला बर्फ सोसतो, मीठ सोसत नाही. माझी मालिबू पहिला मिठाचा ट्रक दिसला की आत जायची, आणि वसंतात दोन-तीन जोरदार पावसांनी रस्ते धुतले गेले की बाहेर यायची. म्हणजे माझं 'रोज' आठ महिन्यांचंच होतं. होंडा ठेवा म्हणतो ते यासाठी. ज्या दिवशी वॉटर पंप गळायला लागेल आणि पार्ट यायला तीन दिवस लागतील, त्या दिवशीही ती लागेल. एकच गाडी असली की माणूस घाईत दुरुस्ती करतो, आणि घाईतली दुरुस्ती जुन्या गाडीला मारते. गॅरेजमधली जागा जुन्या गाडीला द्या, होंडा बाहेर उभी राहिली तरी तिचं काही बिघडत नाही.

आता गंज. पैसे इथेच बुडतात, म्हणून यावर जरा रेंगाळतो. इंजिन बसलं तर नवं बसवता येतं. शेव्हरोलेच्या ३५० (घनइंचाच्या) सारख्या इंजिनाचे पार्ट आजही सहज मिळतात. गिअरबॉक्स, ब्रेक, वायरिंग, सगळं बदलता येतं. पण पत्रा कुजला असेल तर तो कापून नवा जोडण्याचे मजुरीचे तास गाडीच्या किमतीला गिळतात. माझी पहिली अमेरिकन गाडी अशीच फसवी निघाली. लालभडक रंग, आरशासारखा. घरी आणून कार्पेट उचललं तर पायाखाली जुन्या कुजक्या फ्लोअरवर नवा पत्रा नुसता रिव्हेट मारून चिकटवलेला, वरून काळं डांबरासारखं कोटिंग. मागच्या चाकांच्या कमानीत तर अर्धा इंच जाड लांबी (पुटी) भरलेली होती. विकणाऱ्याला ते माहीत होतं की नाही, देव जाणे. मला मात्र ती गाडी खरेदीइतकेच पैसे पुन्हा घालून, तोट्यात विकावी लागली.

प्रत्येक गाडीच्या कुजायच्या जागा ठरलेल्या आहेत. शेव्हेलमध्ये मागच्या काचेच्या खालची पट्टी बघा. तिथून पाणी डिकीत उतरतं आणि डिकीचा तळ जातो. व्हायनिल रूफ असेल तर दुप्पट संशय घ्या, कारण त्या रेक्झिनखाली ओल धरून राहते. शेव्हेल, पॉन्टिॲक जीटीओ, ओल्ड्समोबाईल कटलस यांना खाली वेगळी चासी आहे, तिचा मागच्या चाकांजवळचा भाग हातोडीने ठोकून आवाज ऐका. फोर्ड मस्टँगला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळं वजन पेलते. तिच्यात विंडशील्डच्या पायथ्याशी, वायपरखालच्या हवेच्या जाळीत पानं साचून तो भाग कुजतो आणि पावसात पॅसेंजरच्या पायावर पाणी ठिबकतं. १९६८-७० च्या चार्जरमध्ये मागची काच आत दबलेली आणि दोन्ही बाजूंना उतरते खांब आहेत. दिसायला अप्रतिम, पण पाणी साचायला तितकीच सोयीची जागा. तिचीही बॉडीच भार पेलते, त्यामुळे तिचा गंज म्हणजे हाडांचाच गंज.

म्हणून गाडी शक्यतो ॲरिझोना, न्यू मेक्सिकोकडची बघा. तिथल्या उन्हाने डॅशबोर्ड तडकलेला असेल, सीट फाटलेल्या असतील, दारांचं रबर बिस्किटासारखं झालं असेल. होऊ दे. ते सगळं विकत मिळतं आणि घरी बसवता येतं. विटलेल्या रंगाची, कोरड्या पत्र्याची गाडी ट्रकवरून आणायचा खर्च धरूनही, ओहायोतल्या चकचकीत गाडीपेक्षा स्वस्त पडते.

मग वर्ष कुठलं? १९६६ पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकना मिळून एकच हायड्रॉलिक सर्किट होतं. एका चाकाचा व्हील सिलिंडर फुटला की पेडल थेट तळाला. १९६७ पासून अमेरिकन गाड्यांत दुहेरी मास्टर सिलिंडर आला, पुढचे आणि मागचे ब्रेक वेगळे झाले. १ जानेवारी १९६८ पासून केंद्रीय नियमांनी पुढच्या सीटना खांद्याचा पट्टा आणि धडकेत दबणारा स्टिअरिंग कॉलम आणला, १ जानेवारी १९६९ पासून हेडरेस्ट. रोज हायवेवर जाणाऱ्याने याच्या आधीची गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जिला पहिली मसल कार (मध्यम आकाराच्या गाडीत मोठं, ताकदवान इंजिन) म्हणतात ती १९६४ ची जीटीओ मलाही फार आवडते, पण रविवारी. आणि वर्ष कुठलंही असो, पुढे डिस्क ब्रेक हवेतच. मूळचे नसतील तर बसवून घ्या. ड्रम ब्रेक एकदा जोरात दाबले तर चांगले थांबवतात. लागोपाठ तिसऱ्यांदा दाबले की तापून पकड सोडतात, आणि पाण्यातून गेल्यावर गाडी एका बाजूला खेचतात. तुमच्या पुढची आजची गाडी किती कमी अंतरात थांबते, हे मनात ठेवा.

इंजिनाच्या बाबतीत लोकांचं आणि माझं जमत नाही. सगळ्यांना १९७० हवी, कारण त्या वर्षी आकडे शिखरावर होते. शेव्हेलचं ४५४ घनइंचाचं एलएस-६ इंजिन ४५० हॉर्सपॉवरचं. तुम्ही म्हणता ती १९७० ची '३९६' तर प्रत्यक्षात ४०२ घनइंचांची होती, नाव फक्त जुनं ठेवलं. तिचं ३५० हॉर्सपॉवरचं इंजिन १०.२५ कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण तितके पट दाबणारं. त्या काळच्या शिसेयुक्त, जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी ते घडवलेलं. आज पंपावरचं सगळ्यात महाग पेट्रोल घालूनही उन्हाळ्यात चढावर ते खडखडायची भीती, मग ठिणगीचं टायमिंग मागे घ्या, मग इंजिन तापेल. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन सरसकट खाली आणलं, म्हणजे कमी शिशाच्या साध्या पेट्रोलवर गाड्या चालाव्यात. संग्राहक याच वर्षापासून नाक मुरडतात. रोज चालवणाऱ्याला मात्र नेमकी हीच वर्षं सोयीची, कारण आजच्या साध्या पेट्रोलवर ही इंजिनं खुशीत चालतात.

आणि त्यात कागदाचा घोळही आहे. १९७१ ची साधी दोन बॅरल कार्ब्युरेटरची ३५० जाहिरातीत २४५ हॉर्सपॉवरची होती, १९७२ ची तीच १६५ ची. इंजिन जवळपास तेच. आधी सायलेन्सर, एअर क्लीनर, अल्टरनेटर काढून नुसतं इंजिन मोजत, १९७२ पासून गाडीत बसतं तसं सगळं लावून मोजू लागले. हा फरक न समजल्याने लोक १९७२ ची गाडी 'मेलेली' समजतात आणि ती आपल्याला कमी किमतीत मिळते.

३५० ची मालिबू ही काटेकोर अर्थाने मसल कार नाही, हे मान्य. पण सिग्नल सुटल्यावर तिचा आवाज, तो हलका हेलकावा, समोरचं लांबलचक बोनेट, सगळं तेच आहे. ३९६-४५४ सारख्या मोठ्या इंजिनाचं वजन पुढच्या चाकांवर नाही, बोनेटखाली हात घालायला जागा आहे, रेडिएटरला उसंत आहे. कोणी मालिबूला एसएसचे बिल्ले लावून नकली एसएस केली असेल तरी हरकत नाही, फक्त पैसे मालिबूचे द्या. १९६६ ते ६८ च्या शेव्हेलमध्ये चासी नंबर १३८ ने सुरू होत असेल तर ती अस्सल एसएस ३९६. १९६९ पासून नंबरावरून कळत नाही, जुनी कागदपत्रं लागतात. 'अस्सल' या शब्दासाठी तुम्ही हजारो डॉलर जास्त मोजणार आणि मग ती गाडी मॉलच्या पार्किंगमध्ये उभी करताना जीव खालीवर होणार. रोजच्या गाडीला ते ओझं नको.

आता ज्याबद्दल कोणी विचारतच नाही ते: मागच्या ॲक्सलचं गिअर प्रमाण, म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्ट किती फिरतो. तुमचा रस्ता हायवेचा, म्हणून तुमच्यासाठी हे फार महत्त्वाचं. तेव्हाच्या तीन गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये किंवा चार गिअरच्या मॅन्युअलमध्ये टॉप गिअर एकास एक, ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा वरचा गिअर) नाही. मागे ३.७३ चा क्राउन-पिनियन आणि २६ इंच व्यासाचा टायर असेल तर ७० मैलांच्या वेगाला इंजिन मिनिटाला ३,४०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं. अर्धा तास ते ऐकत जा, ऑफिसला पोचेपर्यंत डोकं दुखेल. मागे २.७३ असेल तर तेच इंजिन २,५०० च्या खाली शांत चालतं. पिकअप थोडा जाईल, पण ३५० ला खालच्या फेऱ्यांतच इतका जोर असतो की रोजच्या रस्त्यावर तुम्हाला उणीव भासणार नाही. दोन्ही हवं असेल तर चार गिअरचा ओव्हरड्राइव्ह बॉक्स बसवा. शेव्हेलमध्ये मी जनरल मोटर्सचा २००-४आर बसवतो, कारण त्याची लांबी मूळच्या टर्बो ३५० नावाच्या गिअरबॉक्सइतकीच असते आणि बहुतेक वेळा प्रोपेलर शाफ्टला हात लावावा लागत नाही. रोजच्या गाडीवर मी ब्रेकनंतरचे पैसे इथेच घालायला सांगतो.

इथवरचं एकत्र करतो: कोरडा पत्रा, दुहेरी ब्रेक सर्किट आणि पुढे डिस्क, कमी कॉम्प्रेशनचं छोटं व्ही-८, हायवेला शोभेल असा मागचा गिअर. या चार गोष्टी जुळल्या की बोनेटवर नाव कुणाचं आहे याने मला फरक पडत नाही.

पेट्रोलबद्दल थोडं. इथल्या आजच्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा खातं, म्हणून गाडी आल्याबरोबर पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला. आग लागायचं कारण बऱ्याचदा असा दहा डॉलरचा पाइपच असतो. शिवाय हे पेट्रोल लवकर उकळतं. उन्हाळ्यात गाडी बंद करून किराणा घेऊन पंधरा मिनिटांनी आलात की ती स्टार्ट व्हायला कुरकुरते. आंबा घाटात अँबॅसिडर अशी रुसली की आम्ही पेट्रोल ओढणाऱ्या 'एसी पंपा'वर ओलं फडकं टाकायचो, तोच हा रोग. कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा जाड स्पेसर आणि टाकीकडे परत जाणारी नळी असलेला पंप, यांनी तो बराच कमी होतो. 'एसी पंप'मधला एसी म्हणजे मिशिगनच्या फ्लिंट गावात प्लगचा कारखाना काढणारा अल्बर्ट चॅम्पियन, आणि आपले फिटर डिस्ट्रिब्युटरला जे 'डेल्को' म्हणतात ती डेल्को कंपनी तुमच्या शेजारच्या डेटनची. इथे आल्यावर हे कळलं तेव्हा काकांना मुद्दाम फोन केला होता.

डेल्कोतले पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, बाहेरून काही दिसत नाही आणि थंडीत एका किल्लीत गाडी सुरू होते. ऑइल निवडताना जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं, जुन्या इंजिनांसाठीचं घ्या. या इंजिनांचा कॅमशाफ्ट सपाट टॅपेटवर घासत चालतो आणि आजच्या साध्या ऑइलमध्ये त्याला पुरेसं संरक्षण नसतं.

आता मुलीबद्दल, आणि हे स्पष्टच लिहितो. मागच्या सीटला फक्त कमरेचा पट्टा असेल. लहान मुलांच्या सीटसाठी आज गाडीत जे पक्के हुक असतात ते २००३ च्या मॉडेलपासून सक्तीचे झाले, इथे ते नाहीत. एअरबॅग नाहीत, दारात आडवी पोलादी पट्टी असली तर असली. मी स्वतःची मुलं मालिबूतून आइस्क्रीम खायला गल्लीतल्या रस्त्यांनी नेली, हायवेवर कधीच नेली नाहीत. तिला शाळेत सोडायचं काम तुमच्याकडे असेल तर त्या दिवशी होंडा काढा.

विम्याचं आधी विचारा, गाडी नंतर घ्या. जुन्या गाड्यांच्या खास पॉलिसीत किंमत आधी ठरलेली असते आणि हप्ता कमी असतो, पण त्यात ऑफिसला रोज ये-जा सहसा चालत नाही. ते लपवून पॉलिसी घेतलीत तर अपघातानंतर क्लेम नाकारला जाऊ शकतो. ऐतिहासिक नंबर प्लेटचंही तसंच, ओहायोत ती रोजच्या वापरासाठी नाही, साधी प्लेट घ्या.

मग कुठली? तुमच्या जागी मी असतो तर १९७१ किंवा ७२ ची शेव्हेल मालिबू ३५०, नाहीतर त्याच वर्षांची ओल्ड्समोबाईल कटलस ३५० शोधली असती. कटलसची किंमत बहुधा कमी असते आणि आतून ती जास्त आरामशीर आहे, फक्त तिच्या इंजिनाचे पार्ट शेव्हरोलेइतके सर्रास मिळत नाहीत. हलकी गाडी आवडत असेल तर ३०२ इंजिनाची १९६८ नंतरची मस्टँग, तिच्या पार्टची ददात नाही, पण कॉम्प्रेशन किती आहे ते विचारून घ्या. माझ्या मनात एक हळवा कोपरा ३१८ च्या डॉज डार्ट आणि प्लिमथ डस्टरसाठी आहे. ते इंजिन हाल सोसतं, आणि वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात एके काळी डॉज-प्लिमथ जुळत असत, हेही त्या प्रेमामागे असेल. चार्जर मात्र तुमच्या बजेटमध्ये नीट पत्र्याची मिळणं कठीण. ती १७ फुटांहून लांब आहे, आणि तिची हेडलाइटची झाकणं व्हॅक्युमवर उघडतात, संध्याकाळी घरी निघताना ती अडकलेली मला नको होती. ३५ हजारांपैकी २५ हजारांपर्यंतचीच गाडी घ्या. उरलेले पहिल्या वर्षात ब्रेक, टायर, रेडिएटर, पाइप आणि गिअरबॉक्सला लागतील. टायर चांगले दिसले तरी बाजूवरची तारीख वाचा, दहा वर्षांचे असतील तर बदलाच.

गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड ठेवा. पोचल्यावर बोनेटला हात लावा, गरम असेल तर थंड स्टार्टमध्ये काहीतरी लपवायचं आहे असं समजून चाला. एक लोहचुंबक, टॉर्च आणि गुडघ्याखाली घालायला जुनी चादर न्या. चुंबक मऊ कापडात गुंडाळून मागच्या कमानींवर, दारांच्या खाली फिरवा. चिकटला नाही तिथे लांबी आहे. कार्पेटचे कोपरे उचला, स्टेपनी बाजूला करून डिकीचा तळ बघा. मैलाच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, त्यात पाचच आकडे असतात, ६२ हजार म्हणजे १ लाख ६२ हजारही असतील. मग हायवेवर किमान वीस मिनिटं चालवा, तापमानाचा काटा बघत. परत येऊन गाडी बंद करा, पंधरा मिनिटं विकणाऱ्याशी गप्पा मारा आणि पुन्हा स्टार्ट करून बघा. मी या शेवटच्या स्टार्टवरच बहुतेक गाड्या नापास केल्या आहेत.

एखादी पसंत पडली तर गाडीच्या खालून काढलेले फोटो, मागच्या काचेची खालची पट्टी आणि ॲक्सलवरचा शिक्का एवढं पाठवा. पैसे देण्याआधी मी बघून कळवीन.